अर्धा इंच मायेबाबत

दिनांक : ३ जुलै २०२५

प्रति,
श्रीमती सुचेता वर्तक,
सदस्य-सचिव, शिस्त व पोशाख तपासणी उपसमिती,
महानगर जलतरण स्पर्धा संयोजन मंडळ,
यशवंतपूर, बेंगळुरू.

अर्जदार : शंभूराज रघुजी सुलाखे, धंदा शिंपीकाम, राहणार मल्लेश्वरम, बेंगळुरू.

विषय : कु. चंदना शंभूराज सुलाखे (वय १८) हिच्यावरील दोन वर्षांची बंदी काढून ती अर्जदारावर घालण्याबाबत.

संदर्भ : १) माझा इंग्रजी अर्ज, दि. २६ मे, व त्यास आलेले उत्तर.
२) माझा कन्नड अर्ज, दि. ९ जून, व त्यास आलेले उत्तर.
३) आपले व माझे फोनवरील बोलणे, दि. १ जुलै, सकाळी ११ वाजून २० मिनिटे.

महोदया,

१. मी मल्लेश्वरममध्ये एकतीस वर्षे शिंपीकाम करतो. वडीलही तेच करीत. घराणे इथलेच, किती पिढ्यांचे ते सांगता येणार नाही. घरात आम्ही मराठी बोलतो, पण ती आपल्या पुण्याच्या मराठीसारखी नाही, हे परवा फोनवर दोघांच्याही लक्षात आले. लिहिण्याची मराठी मला आमच्या समाजाच्या मंडळाचे इतिवृत्त अठरा वर्षे लिहून अवगत झाली आहे. त्यामुळे हा अर्ज एखाद्या सभेच्या वृत्तांतासारखा वाटल्यास क्षमा असावी. मला दुसऱ्या प्रकारे लिहिता येत नाही.

२. आपल्या मंडळाकडे कोणी मराठीत अर्ज करीत नसेल, हे मी जाणतो. तरी करीत आहे, कारण या प्रकरणातील मुख्य शब्द फक्त मराठीत आहे. तो शब्द माया. आपण जाणताच, पण नोंदीसाठी लिहितो : कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जादा कापड दुमडून ठेवतात, म्हणजे पुढे अंग भरले तर टीप उसवून कपडा सैल करता येतो, त्यास माया म्हणतात. इंग्रजी अर्ज मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून फोनमध्ये भाषांतर करून घेतला. 'मी मुलीच्या सुटात दोन्ही बाजूंनी अर्धा इंच माया ठेवली' या वाक्याचे त्यात 'मी मुलीच्या सुटात दोन्ही बाजूंनी अर्धा इंच प्रेम ठेवले' असे झाले. मंडळाचे उत्तर आले की, अर्जदाराने मुलीविषयीच्या भावना व्यक्त केल्या आहेत, भावना हा उपसमितीच्या कक्षेतील विषय नाही. कन्नड अर्ज मी स्वतः लिहिला आणि माझी चूक अशी की, घरी आम्ही कन्नड बोलतानाही तो शब्द तसाच वापरतो, म्हणून तसाच लिहिला. कन्नडमध्ये 'माया' झाले म्हणजे नाहीसे झाले. मंडळाचे उत्तर आले की, पोशाख नाहीसा झाल्याबद्दल पोलिसांकडे केलेल्या तक्रारीची प्रत जोडावी. दोन्ही उत्तरांबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांनी उत्तरे दिली, त्यांनी समोर आले तेच वाचले. परवा फोनवर मी तो शब्द उच्चारला, तेव्हा आपण म्हणालात, "हो हो, ब्लाउजमध्ये ठेवतात ती माया ना काका? मग हेच सगळं प्रॉपर लिहून द्या, मी मीटिंगमध्ये ठेवते." म्हणून हे सगळे लिहून देत आहे.

३. घटना अशी. दि. १८ मे रोजी आपल्या मंडळाच्या स्पर्धेत माझी मुलगी चंदना दोनशे मीटर मुक्त शैलीची अंतिम शर्यत पोहली. वेळ दोन मिनिटे चौदा सेकंद बासष्ट शतांश. ती पहिली आली. दुसरीत आणि तिच्यात अडतीस शतांशांचे अंतर होते. अंगात स्पर्धेचा घट्ट सूट होता. तो तिच्याबरोबर सराव करणाऱ्या पवित्राचा. पवित्राला नवा मिळाल्यामुळे तिने जुना चंदनाला दिला. पवित्राचे अंग मोठे असल्याने तो चंदनाला बगलेपासून कमरेपर्यंत सैल होता. शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी तो मी दुकानात दोन्ही बाजूंनी आत घेतला. घातल्यावर ती आरशासमोर दोन्ही हात वर करून म्हणाली, "स्वल्प सैल होता अप्पा, आता सरी झाला." सरी म्हणजे ठीक. हे तिचे सुटाविषयीचे शेवटचे बोलणे.

४. हा सूट मी हातात घेतला, तेव्हा त्यात एकही टाका नव्हता. सर्व जोड चिकटवलेले. एकतीस वर्षांत असे कापड मी पाहिले नव्हते. मी ते उलटेसुलटे करून खिडकीपाशी नेऊन पाहिले. ज्याने केले त्याला मी मनात हात जोडले. आणि त्यानंतर त्याला सुई लावली. असे सूट निर्मात्याकडून आले तसेच वापरावेत, हा आपला नियम मला माहीत नव्हता. चंदनालाही नसावा. माहीत नव्हते हा बचाव होत नाही, हेही मला आता सांगण्यात आले आहे.

५. पाण्याविषयी मला जे कळते, ते तिचे गुरू मल्लाप्पा यांच्याकडून. ते निवृत्त आहेत, बाकावर बसून शिकवतात, फारसे बोलत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की पाणी हवेपेक्षा आठशे पट दाट आहे, आणि पोहणाऱ्याची बहुतेक ताकद पुढे जाण्यात जात नाही, पाणी बाजूला सारण्यात जाते. वेग दुप्पट करायला जावे, तर पाणी चौपट अडवते. म्हणून टोपीला सुरकुती नको, चष्म्याचा पट्टा टोपीच्या आत, हातावरची लवसुद्धा नको. "नीरु सुम्ने बिडल्ला," असे ते म्हणतात, म्हणजे पाणी उगाच सोडत नाही. आमच्या धंद्यात माणसाला हातपाय हलवता यावेत म्हणून कापड थोडे सैल ठेवतात. पोहण्याच्या कपड्यात सैल ठेवले की त्यात पाणी शिरून बसते आणि पोहणारीला ते काठापर्यंत ओढून न्यावे लागते. एवढे मला शर्यतीच्या आधीही माहीत होते. तरीही मी सूट आत घेताना जादा कापड कापून टाकले नाही. दोन्ही शिवणींच्या आत अर्धा अर्धा इंच माया ठेवली. मी ते ठरवून केले नाही. हात आपोआप तसा गेला. जिचे अंग अजून भरायचे आहे तिच्या कपड्यात माया सोडायची, हे वडिलांनी मला दहाव्या वर्षी शिकवले. त्यांनी पाण्याविषयी काही शिकवले नव्हते.

६. शर्यत संपल्यावर शेजारच्या रांगेतील मुलीच्या पालकांनी सुटाविषयी हरकत घेतली. तपासणीच्या बाईंनी चंदनाच्या उजव्या बगलेखाली सुटात बोट घातले, आतली पट्टी ओढून बाहेर काढली आणि दुसऱ्या पंचांना दाखवली. मी दोरीच्या अलीकडे, साधारण तीस फुटांवर उभा होतो. तिथूनही मला ती ओळखता आली. टीप माझी होती, माया माझी होती. पालकांना दोरीपलीकडे जाण्याची परवानगी नसल्यामुळे मी गेलो नाही. मी जायला हवे होते. बाईंनी, हे कोणी केले, असे विचारले. चंदनाने समोरच्या कागदावर इंग्रजीत, हे मी स्वतः केले, असे लिहून सही केली. घरी आल्यावर मी कारण विचारले, तेव्हा म्हणाली, "तुमचं नाव लिवलं असतं तर दुकानात कोण येणार अप्पा?" चंदनाला काजे आणि बटणे येतात. मशीनवर सरळ टीप घालता येत नाही. उपसमितीने तिला मशीनवर बसवून खात्री करून घ्यावी, मशीन मी आणून देतो.

७. तिच्या त्या ओळीवरून उपसमितीने नियम २२(आ) लावला, म्हणजे लाभाच्या हेतूने केलेला बदल. त्याला दोन वर्षांची बंदी आहे. २२(अ) लागला असता, म्हणजे हेतूविना झालेला बदल, तर फक्त त्या शर्यतीचा निकाल रद्द होऊन विषय संपला असता. निकाल रद्द झाला त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही, तो व्हायलाच हवा होता. परंतु दि. १२ जुलैला निवड चाचणी आहे आणि तिच्या वयोगटाची ही शेवटची चाचणी आहे. बंदी राहिली, तर तिला पुढे पोहण्यासाठी काही उरत नाही. आठव्या वर्षापासून ती रोज सकाळी पाण्यात आहे. माझी एवढीच मागणी आहे की (आ) च्या जागी (अ) लिहिले जावे. एका अक्षराचा प्रश्न आहे.

८. लाभ झाला की नाही, हे नुसते म्हणून चालणार नाही, पुरावा द्या, असे मला मंडळाच्या खिडकीवर सांगण्यात आले. म्हणून पुरावा तयार केला. दि. २३ जून, सोमवारी, तलाव साफसफाईसाठी बंद असताना, मल्लाप्पा यांच्या ओळखीने आम्हाला दुपारी एक तास मिळाला. माझ्या दुकानाच्या दर्शनी भागात चुडीदार घालून जो पुतळा उभा असतो, तो मी रिक्षाने नेला. त्याला डोके नाही. पोकळ असल्याने तो बुडेना, म्हणून पोटात वाळू भरावी लागली. कमरेला दोरी बांधली, दोरीला रद्दीवाल्याकडून मागून आणलेला आकड्याचा काटा लावला, आणि मल्लाप्पा "ओंदु, एरडु" असे मोजत असताना मी काठावरून एका चालीने चालत पुतळा पंचवीस मीटर ओढत नेला. प्रत्येक प्रकारात सहा वेळा. चंदनाच्या मापाचा, हात न लावलेला सूट दुसऱ्या एका विद्यार्थिनीकडून मागून घेतला होता. तो घातला असता सरासरी ओढ दोन किलो सातशे ग्रॅम. मी शिवलेला सूट घातला असता तीन किलो. पुतळा नुसताच ओढला असता दोन किलो नऊशे, त्या वेळी मल्लाप्पा यांनी पाठ फिरवून मोजले. म्हणजे मी शिवलेल्या सुटापेक्षा अंगात काहीच नसलेला पुतळा हलका गेला. मूळचा सैल सूट ओढून पाहिलेला नाही, कारण त्यासाठी टीप उसवावी लागली असती आणि पुरावा बिघडला असता. सैल सूट बहुधा याहून जड गेला असता, हे मी लपवीत नाही. म्हणजे टिपेमुळे मुलीचा थोडा फायदा झाला आणि मायेमुळे थोडे नुकसान. दोन्ही मीच केले. लाभाचा हेतू असता तर मी माया कापली असती, एवढे कोणताही शिंपी सांगेल. आपण कोणत्याही शिंप्याला विचारावे.

९. या प्रयोगाबाबत तलावाच्या व्यवस्थापनाकडून आपल्याकडे एक तक्रार आली असल्याचे समजते. पहारेकऱ्याने नोंदवहीत 'एक बाई, डोके नाही, प्रवेशपत्र नाही' अशी नोंद केली आहे. ती नोंद खरी आहे. वाळू सांडल्याबद्दल मी लेखी दिलगिरी दिली असून वाळू स्वतः गोळा करून काढली आहे. पुतळा सध्या त्यांच्या ताब्यात आहे. तो नसल्याने दुकान ओळखू येत नाही, असे दोन गिऱ्हाइके म्हणाली. तरी तो विषय मी या अर्जात आणू इच्छित नाही.

१०. आपण फोनवर विचारलेत, "काका, मुलगी कशी आहे?" मी ठीक आहे म्हणालो. ते पूर्ण उत्तर नव्हते. ती रडलेली नाही. कॉलेजला जाते, येते, जेवते. सकाळी साडेचारला आपोआप उठते आणि पलंगावर बसून राहते. पोहायला जायचे नसते, तरी टोपी उशाशी असते. तिची आई तिला हाक मारते, तर ती 'ओ' देते, यापलीकडे काही नाही. माझेही तसेच आहे. मल्लाप्पा म्हणतात, मला राग यायला हवा. मी वाट पाहिली, आला नाही. कापड बोटांखालून जाते, पण ते सुती आहे की रेशमी, हे मला बघून ठरवावे लागते. पूर्वी तसे नव्हते. हे सहानुभूतीसाठी लिहीत नाही. आपण विचारलेत म्हणून लिहिले.

११. एक गोष्ट या प्रकरणाशी संबंधित आहे की नाही ते उपसमितीने ठरवावे. गेल्या आठवड्यात मी चंदनासाठी कॉलेजचा कुडता शिवला. मापाला बरोबर शिवला, बाजूंचे जादा कापड कापून कडा बांधून टाकल्या. ठरवून केले. यापुढे तिच्या कोणत्याही कपड्यात कोणी बोट घातले तरी काही सापडू नये, असा माझा विचार होता. शिंप्याच्या घरातली मुलगी नवा कपडा आधी उलटा करून बघते. तिने बघितला. एका बाजूच्या शिवणीवरून अंगठा फिरवत गेली, मग दुसऱ्या बाजूच्या. मग मला म्हणाली, "अप्पा, माया कुठाय?" पाच आठवड्यांत तिने स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न. तिने कुडता घातला आणि कॉलेजला गेली. कुडता तिला आज नीट बसतो. पुढच्या वर्षी बसणार नाही. मला दुकान गमावण्याची भीती वाटत नाही, मुलगी गमावण्याची वाटते. या अर्जाचे खरे कारण तेच आहे.

१२. तरी खालीलप्रमाणे व्हावे ही विनंती.

चंदनाच्या नोंदीतील २२(आ) खोडून तेथे २२(अ) लिहावे, आणि खाली 'बदल वडिलांनी केला, धंद्याच्या सवयीने' असे नमूद करावे. वडिलांचे नाव व दुकानाचे नाव पूर्ण लिहावे. दुकानात कोणी आले नाही तरी चालेल.

तिचा कागदावरील जबाब खोटा आहे, म्हणून तो बाजूला ठेवावा. खोटा जबाब दिल्याबद्दल वेगळी शिक्षा असल्यास तीही माझ्या नावे लिहावी, कारण ती माझ्यामुळेच खोटे बोलली.

दोन वर्षांची बंदी एकदा दिल्यावर ती कोणावर तरी असावीच लागते, तशी नोंदवहीत जागा राहते, असे खिडकीवरील गृहस्थ म्हणाले. ते थट्टेने म्हणाले असावेत. मी ती सूचना गांभीर्याने घेतली आहे. ती बंदी माझ्यावर घालावी. मला पोहता येत नाही. मी कोणत्याही तलावात आजवर गुडघ्यापेक्षा खोल उतरलेलो नाही. तरी बंदीच्या काळात उतरणार नाही, अशी लेखी हमी देतो, आणि गरज पडल्यास दर महिन्याला येऊन तसे सही करून जाईन. प्रेक्षकांत बसणेही बंदीत येत असल्यास बसणार नाही. दि. १२ ला मी बाहेर फाटकाशी उभा राहीन.

त्या दिवशी ती सरावाच्या साध्या सुटात पोहेल. जुना झाला आहे, पाणी धरतो, मल्लाप्पा म्हणतात की वेळ पाऊण सेकंद तरी जास्त लागेल. लागू दे. त्याला मी हात लावलेला नाही.

उपसमितीची बैठक दि. १० ला आहे, असे आपण म्हणालात. त्या दिवशी दुकान बंद ठेवून मी सकाळी दहापासून आपल्या कार्यालयाच्या जिन्यात बसून राहीन. बोलावले तर आत येईन, न बोलावले तरी राहीन.

आपला नम्र व बंदीस सर्वस्वी पात्र,

(सही)
शंभूराज रघुजी सुलाखे
मल्लेश्वरम, बेंगळुरू

सोबत :
१. इंग्रजी व कन्नड अर्जांच्या आणि त्यांच्या उत्तरांच्या प्रती.
२. पुतळा ओढल्याचे आकडे, मल्लाप्पा यांच्या सहीसह. (त्यांची सही कन्नडमध्ये आहे.)
३. तलावाच्या व्यवस्थापनास दिलेल्या दिलगिरीची प्रत.
४. प्रयोगाचे काम संपल्यानंतर अर्जदाराने शिवण उसवून कापलेला सूट. तो आता कोणाच्याच मापाचा नाही.
५. त्यातून कापून काढलेली माया, दोन पट्ट्या, प्रत्येकी रुंदी अर्धा इंच, पाकिटात. उपसमितीने मोजून पाहावी. एकदा कापलेली माया पुन्हा लावता येत नाही, तरी काम झाल्यावर परत मिळावी.